नीळकंठरावांच्या पायातली कापशी

अक्का, पुलावर कोणी उभं नव्हतं.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सुमनलाही नाही. तुझ्या मातीला नेसरीहून, गडहिंग्लजकडून माणसं आली होती, ती आपापल्या गावी गेली. आता घरात आम्ही नवराबायको दोघंच. टीव्हीसमोरची तुझी वेताची खुर्ची आहे तिथंच आहे. ती हलवायची का, यावर सुमन काही बोलत नाही आणि मीही बोलत नाही. बोलण्यात मी पहिल्यापासून उणाच. तू म्हणायचीस, "ह्याच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हंजे आडातनं घागर वढायची." तर आज माझी मीच ओढतोय.

गुरुवारच्या त्या हेरमालिकेचा शेवटचा भाग. तुला दिसत नव्हतं. तू ऐकायचीस, आणि पडद्यावर बिनआवाजाचं जे घडेल ते मी सांगायचो. त्या संध्याकाळी नील आणि तो बिल्डर झटापट करता करता खाडीच्या पुलावरून खाली गेले. मग नुसतं पाणी दिसलं. मग कलाकारांची नावं वर सरकायला लागली. एवढंच होतं. त्यानंतर मी जे तुला सांगितलं ते पडद्यावर नव्हतं.

हा नील म्हणजे आपले नीळकंठराव. ते आपल्याला पहिल्यांदा भेटले तेव्हा मला अक्षरं जुळवता येत नव्हती आणि तू हायस्कुलात होतीस. मंगळवार पेठेत अप्पांचं भांड्यांचं दुकान, दुकानावर माळा, माळ्यावर पितळेच्या घागरी आणि घागरींच्या मागं आपण दोघं. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्याकडून तू हेर नीळकंठरावांच्या गोष्टी आणायचीस आणि दबक्या आवाजात मला वाचून दाखवायचीस. लांब कोट, दुटांगी धोतर, हातात काठी आणि पायात करकरणारी कापशी चप्पल. गुन्हेगाराला धडकी भरायची ती त्या करकरीनं. आपल्याला धडकी भरायची ती अप्पांच्या. अप्पाही कापशीच घालत. जिन्यावर करकर सुरू झाली की तू पुस्तक घागरीत टाकायचीस आणि पाढे म्हणायला लागायचीस. एकदा घागर गिऱ्हाइकाला विकली गेली ती नीळकंठरावांसकट. त्यांचं पुढं काय झालं कोण जाणे.

भाड्याची पुस्तकं हातोहात फिरून खिळखिळी झालेली असत. शेवटचं पान बहुधा गेलेलं. पण मला ते माहीत नव्हतं. तू थांबायची नाहीस. त्याच सुरात, त्याच वेगानं खुनी कोण ते सांगून मोकळी व्हायचीस. आमराईतल्या खुनाची ती गोष्ट आठवते? तुझ्या मते खुनी विहीणबाई होती. पुढं कॉलेजात असताना आजऱ्याला मामांकडं ते पुस्तक मला अख्खं सापडलं. खुनी माळी होता. मी नेसरीला तुझ्या सासरी येऊन तुला जाब विचारला होता. तू चुलीपुढं बसली होतीस. हातातली भाकरी तव्यावर टाकलीस आणि म्हणालीस, "लेखकाचं चुकलंय. माळ्याला काय गरज पडलीती? मानपानावरनं जळत हुती ती विहीण."

"अगं, पण छापलंय तसं."

"छापलं म्हणून खरं व्हय?"

हे भांडण आपण पुढं कितीतरी वर्षं पुरवून पुरवून भांडलो. दाजी गेले त्या साली तेवढं बंद होतं. मग मीच ते मुद्दाम उकरून काढलं, कारण तुला बोलतं करायला मला दुसरं काही सुचेना. तू म्हणालीस, "अजून त्या माळ्यालाच धरून बसलाईस व्हय रं," आणि बऱ्याच दिवसांनी हसलीस.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला तुझे डोळे काचबिंदूनं गेले. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येत नाही. नेसरीचं घर दिराच्या हाती सोपवून तू आमच्याकडं आलीस. आल्या दिवशी तू सगळं घर हातानं चाचपलंस, मोरीची पायरी, देव्हारा, जिन्याचा कठडा, आणि शेवटी टीव्हीवर हात ठेवून म्हणालीस, "हे एक बरं हाय. मी आयकतो की." सुमनला वाटलं होतं, नणंद कायमची येऊन राहणार म्हणजे घरात सासू आली. वर्षभरात तुम्ही दोघी एक आणि मी वेगळा अशी परिस्थिती झाली.

आणि मग कोणा चॅनेलवाल्याला बुद्धी झाली आणि नीळकंठराव टीव्हीवर आले. पण कसे? धोतराची जीन्स झाली. काठीचा मोबाइल झाला. कंदील धरणारा सखाराम जाऊन कॉम्प्युटरवाली पोरगी आली. नीळकंठरावांचा जन्माचा वैरी सावकार, त्याचा बिल्डर केला. आणि नाव काय, तर नील. पहिला भाग संपल्यावर मी टीव्ही बंद केला आणि म्हणालो, "हे आपले नव्हेत."

"का न्हवं?"

"हेराच्या खिशात फोन वाजतोय अक्का. गुन्हेगार पळून नाही का जायचा?"

"आनि घोडागाडीतनं जायचे तवा घोडं खिंकाळत न्हवतं व्हय?"

"ती पोरगी दोन मिनिटांत सगळं शोधून देते. मग याचं डोकं कशाला?"

"सखाराम काय करायचा? दिवा धरून 'अगं बाई' म्हणायचा, बाप्या असून. ही पोरगी कामाची हाय. लाव टीव्ही. जाहिरातीबी आयकायच्यात मला."

तू त्या नव्या पोराला एका दमात पदरात घेतलंस आणि मी दर गुरुवारी नाकं मुरडत राहिलो. पण गुरुवार कधी चुकवला नाही. दुकान लवकर ओढून घ्यायचो, येताना दुधाच्या कट्ट्यावर थांबायचो, म्हशीची धार तांब्यात पडताना बघायचो आणि फेस जिरायच्या आत घरी. तुझ्या हातात पेला, ओठांवर पांढरी मिशी, आणि माझी समालोचनाची नोकरी. त्या नोकरीचा नियम तू पहिल्याच आठवड्यात घालून दिलास.

"दिसंल ते सांगायचं. तुला वाटतंय ते सांगायचं न्हाय. वाटायचं काम माझं."

मी म्हणालो होतो, "आणि तू मला विहीणबाई सांगितलीस ती?"

"तवा तू दुपट्यातनं नुकता भाईर आलतास. मी काय दुपट्यात हाय?"

मी नियम पाळला. "तो ड्रॉवर उघडतोय. आत किल्ली आहे. किल्लीला लाल दोरा." बास. आणि तू डोकं खुर्चीला टेकून म्हणायचीस, "मेहुणा हाय." पुढच्या गुरुवारी मेहुणाच निघायचा.

शुक्रवारी सकाळी ओट्यावर तुझा दरबार. शेजारच्या शेवंतावहिनी, त्यांची सून, समोरच्या माळकर बाई. आदल्या दिवशीचा भाग सगळ्यांनी आपापल्या घरी बघितलेला, पण अर्थ लावायला तुझ्याकडं. हळूहळू त्या आपल्या केसीसुद्धा आणायला लागल्या. शेवंतावहिनींच्या सुनेचं कर्णफूल हरवलं, तेव्हा तू तिला एवढंच विचारलंस की त्या दिवशी भाकरीचं पीठ कुणी काढलं. कर्णफूल पिठाच्या डब्यात निघालं. माळकरांच्या टाकीचं झाकण कुणी नेलं तेही तू ओट्यावर बसल्या बसल्या सांगितलंस, आणि ज्यानं नेलं त्यानं ते दुपारपर्यंत गुपचूप आणून ठेवलं. शेवंतावहिनी म्हणायच्या, "अक्कास्नी दिसत न्हाय ते बरं हाय बाई, न्हाईतर गल्लीत कुणाचं काय ऱ्हायलं नसतं." तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे यायचं ते नेसरीला मी कधी पाहिलं नव्हतं. तिथं तू राबत होतीस. इथं तुला विचारत होते.

आता ती संध्याकाळ. सुमन आजऱ्याला माहेरी गेली होती. घरात आपण दोघंच. पुलावर वारा होता, तो तुला ऐकू येत होता. नील बिल्डरला म्हणाला, "आता दोघांपैकी कोणीच परत जायचं नाही." मग धडपड, एक आरोळी, आणि आवाज संपला. नुसतं पाणी.

"मग?" तू विचारलंस. "काय दिसालंय?"

अक्का, मी रडत होतो. ज्याला दर गुरुवारी नावं ठेवली त्या जीन्सवाल्या पोरासाठी. आवाज न करता रडणं मला जमतं, अप्पा गेले तेव्हाही जमलं होतं. तू म्हणालीस, "सर्दी झालीया काय रं?" आणि पुन्हा, "तम्मा, काय दिसालंय?"

बावन्नाव्या वर्षीही आपल्या कानडी-मराठी घरात मी कुणाचा तम्मा असेन, तर तुझाच, धाकटा भाऊ. त्या क्षणी खरोखर धाकटा झालो. म्हणालो, "पुलाच्या पल्याड कोणतरी उभा आहे."

"कोण?"

"तेच."

"नील?"

"नीळकंठराव." माझ्या तोंडून गेलं. "लांब कोट आहे. बघताहेत पाण्याकडं."

तू पुढं सरकलीस. पेल्यातलं दूध लुगड्यावर सांडलं, ते तुला कळलं नाही. "पायात काय हाय?"

"कापशी."

तू कान टीव्हीकडं केलास. मग हळूच, "वाजली न्हाय."

"लांब आहेत, अक्का. उभे आहेत नुसते."

"बरं," तू म्हणालीस आणि खुर्चीला टेकलीस.

मी हे तुझ्यासाठी केलं, तुला वाईट वाटू नये म्हणून, असं गेली पाच वर्षं मी स्वतःला समजावत आलो. ते खोटं आहे. तू एवढी दुबळी नव्हतीस. दाजींची माती तू उभ्यानं बघितली होतीस. मला ते सोसलं नाही. आणि ज्याला मी परत उभं केलं तो टीव्हीवरचा पोरगाही नव्हता. तो आपल्या माळ्यावरचा होता, घागरींच्या मागचा, आणि म्हणूनच त्याच्या पायात बूट न येता कापशी आली. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसानं हेच खोटं सांगितलं असतं तर त्याला निदान बूट तरी घातले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत आरसा टांगून दाढी करत होतो आणि खाली ओट्यावर दरबार भरला होता.

शेवंतावहिनी म्हणाल्या, "गेलं की वो अक्का पोरगं. मला तर भाकरी जाईना काल."

"गेला न्हाय," तू म्हणालीस. "पल्याड उभा हाय."

"कुठला उभा? पडलं न्हवं का दोघं? पानी दावलं आनि संपलं की."

"पानी दावल्यावर. नीट बघितलं न्हाईसा तुम्ही."

"आम्ही चौघांनी बघितलंय वो. चौघांचं डोळं..." त्या थांबल्या, कारण डोळ्यांचा विषय तुझ्यापुढं कोणी काढत नसे.

तू शांतपणे म्हणालीस, "आमच्या तम्मानं बघितलंय. आमचा तम्मा खोटं बोलत न्हाय. त्याला तेवढं बोलायचाच कटाळा हाय."

सगळ्या हसल्या, पण हसण्यात पहिल्यासारखं काही नव्हतं. मी तोंडाला फेस लावून खिडकीत उभा होतो. चार पायऱ्या उतरून एक वाक्य बोलायचं होतं. मी दाढी पुरी केली, तोंड पुसलं आणि मागच्या दारानं दुकानाला गेलो.

रविवारी दुपारी तोच भाग पुन्हा दाखवणार होते. तुझा कान तिथं पोचला असता, किंवा शेवंतावहिनी शेजारी येऊन बसल्या असत्या. मी टीव्हीमागची केबलची पिन ढिली केली. तू म्हणालीस, केबलवाल्याला बोलव. मी भाग संपेल अशा बेतानं बोलावलं. त्यानं मागं हात घातला आणि तुझ्यादेखत म्हणाला, "पिन निघालीती मामा. कुणीतरी वढलीया." तू म्हणालीस, "मांजर असंल." आपल्या घरात मांजर नव्हतं.

त्यानंतर ओट्यावर येणं कमी झालं. गल्लीत कुणी तुला वाईट बोललं नाही, तशी माणसं नाहीत ती. पण हरवलेली कर्णफुलं यायची थांबली. एकदा कट्ट्यावर धारेची वाट बघत असताना कोणी तरी म्हणालेलं माझ्या कानावर आलं, "डोळ्यासंगं डोस्कंबी चाललंय बिचारीचं. मेलेला मानूस दिसतोय तिला." मी तांब्या भरून घेतला आणि घरी आलो. तू फेसाची मिशी करून दूध प्यालीस.

मालिकेचा पुढचा हंगाम काही आला नाही. पण आपल्या घरात तो सुरू झाला होता. नीळकंठराव कसे वाचले याची तू दर गुरुवारी नवीन मांडणी करायचीस. एकदा पुलाखाली कोळ्याची होडी होती. एकदा पडला तो नील नव्हताच, बिल्डरचा माणूस नीलच्या कपड्यांत होता. एकदा कोट वाऱ्यानं फुगला म्हणून तरंगले, त्यावर सुमन इतकी हसली की तिच्या हातचा झारा पडला. प्रत्येक वेळी तू माझ्याकडं तोंड करून विचारायचीस, "कापशीच हुती न्हवं?" मी म्हणायचो, "कापशीच." "मग वाजली का न्हाय, तेवढंच बसंना बघ. तेल लावलं असंल." आणि तू पुढं सुरू व्हायचीस. मी अपराधी बसलेला असायचो आणि त्याच वेळी खूश असायचो, हे कसं ते मला आजही सांगता येत नाही. लहानपणी तू शेवट रचायचीस तेव्हाचाच तो आवाज होता. पन्नाशीत मला तो परत ऐकायला मिळाला आणि तो मी चोरून मिळवला होता. तरी ती वर्षं चांगली गेली, अक्का. तुझी आणि माझीही. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण खरं तेच लिहायचं म्हणून बसलोय.

या उन्हाळ्यात दुपारी तू गॅलरीत शेंगा सोलत होतीस. मी शेजारी होतो. टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला, दिसणाऱ्याहून नीट. मध्येच तू म्हणालीस, "तम्मा, त्या पुलाची केस मी बंद केली."

"कसे वाचले मग?"

"ते ऱ्हाऊ दे. कुणी वाचवलं ते घावलं."

"कोण?"

"घरातला मानूस हाय." तू एक शेंग फोडलीस, दाणा माझ्या तळहातावर ठेवलास. "पुरावा जुना हाय. पयल्या दिवशीचाच. पर मी म्हटलं, गुन्हेगारानं आपनहून यावं. नीळकंठरावबी तसंच करायचे शेवटाला. खुर्ची पुढं सरकवायचे आनि गप बसायचे."

तू गप्प बसलीस. मला एवढंच करायचं होतं की तोंड उघडायचं. तेवढ्यात सुमन चहा घेऊन आली, "काय एवढं गुपित चाललंय भावाबहिणीचं?" आणि तू म्हणालीस, "काय न्हाय गं. हेला शेंगा खाताना बघालोय. घाई न्हाय."

घाई नाही हे तू मला उद्देशून म्हणालीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी समजलो, खरंच घाई नाही. आता तुला जाऊन महिनाही झाला नाही.

तू नक्की कधी ओळखलंस, हा प्रश्न मी रोज त्या रिकाम्या खुर्चीपुढं बसून सोडवतोय. रविवारी, पिन निघाली तेव्हा? की त्याच संध्याकाळी, कापशी वाजली नाही तेव्हा? पयल्या दिवशीचा पुरावा, म्हणालीस. तसं असेल तर शुक्रवारी सकाळी ओट्यावर सगळ्यांपुढं "आमचा तम्मा खोटं बोलत न्हाय" म्हणालीस तेव्हा तुला सगळं माहीत होतं. गल्लीतल्या सगळ्या केसी हातच्या जाणार हे तुझ्यासारखीला कळलं नसेल असं नाही. तरी तू माझी बाजू घेतलीस. मला अपराधी म्हणून नुसतं माफ केलं असतंस तर सोसलं असतं. तू माझ्याऐवजी वेडी ठरायला तयार झालीस.

मग नियमाप्रमाणे, दिसलं ते सांगतो. पूल. दोघं पडले. पाणी. पाण्यावर एक चप्पलसुद्धा तरंगत नव्हती. मग नावं. पलीकडं कोणी नव्हतं. वाटायचं काम तुझं होतं, ते मी घेतलं, माझं चुकलं.

हे तुला सांगून झालं. पण तुला ते आधीच ठाऊक होतं, म्हणजे हे काही देणं फिटलं असं नव्हे. तू गेल्यापासून शेवंतावहिनी रोज पिठलंभाकरीचा डबा आणून देत होत्या. शेवटचा डबा सुमननं घासून ओट्याकडच्या कोनाड्यात ठेवलाय. सकाळी मी म्हटलं, डबा मी देऊन येतो. सुमननं वळून बघितलं; मी कोणाच्या दारात कधी जात नाही. शेवंतावहिनींना अजून सांगायचं राहिलं आहे की अक्काच्या डोक्याला काही झालं नव्हतं, खोटं मी सांगितलं होतं.